माकडटोपीचं मूळ गाव

मराठी माणसाला थंडी वाजते. ऊन लागतं, पाऊस झोडपतो, वारा झोंबतो. थंडी मात्र वाजते. आता वाजायचं म्हणजे काहीतरी वाद्य हवं. ते आपले दात. ज्या देशांत थंडी खरोखर पडते तिथल्या माणसाला ती अशी 'वाजत' असेल असं मला वाटत नाही. वाजवून घ्यायची हौस राहायला थंडी थोडी हवी, नवी हवी आणि लवकर जाणारी हवी. आपल्याकडे ती तशीच येते. पुण्यात पारा दहाच्या खाली घसरला की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचं छायाचित्र येतं. त्याच दिवशी घरोघर कपाटाच्या वरच्या खणातून स्वेटर निघतात आणि सकाळी फिरायला जाणारं सबंध पुणं डांबराच्या गोळ्यांच्या वासानं दरवळतं. मग संक्रांत येते. बायका काळी चंद्रकळा नेसतात, आपण तिळगूळ खाऊन गोड बोलायचा प्रयत्न करतो, आणि रथसप्तमीच्या हळदीकुंकवाबरोबर हिवाळ्याचीही ओटी भरून पाठवणी होते. एकूण हंगाम दीड महिन्याचा. सामान म्हणजे एक स्वेटर, एक मफलर आणि एक शाल. माणूस साहित्यिक असेल तर सत्काराच्या सात-आठ.

अशा मुलखातल्या दोन वयस्क माणसांनी ऐन जानेवारीत ऑस्लोला जायचं ठरवलं, तर त्याला कारणही तसंच लागतं. आमच्याकडे ते होतं. लेकीचं बाळंतपण! सहलीचा महिना निवडता येतो, बाळंतपणाचा येत नाही. डॉक्टरनं तारीख दिली ती जानेवारी अखेरची. 'तिकडे उणे पंधरापर्यंत जातं हं बाबा,' मुलगी फोनवर म्हणाली. उणे पंधरा हा आकडा मी आजवर फक्त शाळेच्या गणितात पाहिला होता, आणि तोही संख्यारेषेवर, शून्याच्या डाव्या बाजूला, निरुपद्रवी अवस्थेत.

बातमी वाड्यात फुटली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. समोरचे काका एकदा मे महिन्यात मनालीला जाऊन आले आहेत. तेवढ्या भांडवलावर त्यांनी 'थंडीत डोकं सांभाळा, बाकी काही होत नाही' असा निर्वाळा दिला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मते सगळा जीव तळपायात असतो. माझ्या मेहुण्यानं त्याच्या वडिलांचा, १९७२ साली विलायतेहून आणलेला ओव्हरकोट आणून दिला. तो अंगात घातल्यावर मी उभा होतो तिथेच तीन इंच खचलो. हातात धरायच्या वजनकाट्याला अडकवला तर भरला साडेचार किलो! विमान कंपनी माणशी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा नेऊ देत होती, आणि त्यातली एकेक बॅग डिंक, खारीक, खोबरं, अळीव, बाळंतशेपा, ओवा, भाजणी आणि गोडा मसाला यांनी आधीच रोखून धरली होती. ('तूप आणू नका, बाहेरून दुधाचं काही आणू देत नाहीत. इथे लोणी मिळतं, कढवू,' अशी मुलीची ताकीद होती. तिची आई अजूनही त्या देशाला यासाठी क्षमा करायला तयार नाही.)

तेव्हा मी ठरवलं की या बाबतीत काकांना, वहिनींना विचारण्यापेक्षा इतिहासाला विचारावं. आपल्या आधी थंड देशात गेलेल्या लोकांनी ट्रंकेत काय भरलं होतं?

'विचारा की,' ही म्हणाली. 'पण आधी माळ्यावरची मोठी बॅग काढून द्या.'

थंडीच्या कपड्यांचा इतिहास म्हटला की पहिला उभा राहतो तो नेपोलियन. त्याच्याबद्दल फार सांगायला नको, कारण त्यानं जे केलं ते कोणीही करेल. तो २४ जून १८१२ रोजी नेमन नदी ओलांडून रशियाकडे निघाला. जूनमध्ये घर सोडणारा माणूस लोकरी मोजे कशाला घेईल? १९ ऑक्टोबरला मॉस्कोतून परत फिरताना त्याच्या शिपायांनी गाड्या भरभरून लूट घेतली होती. रेशीम, चांदी, मेणबत्त्यांची झाडं, तसबिरी. पुढे बर्फात एकेक वस्तू रस्त्याच्या कडेला पडत गेली आणि दाढीमिशीवाले शिपाई बायकांचे केसाळ झगे पांघरून चालू लागले. त्या सैन्याच्या डगल्यांची कथिलाची बटणं थंडीनं भुकटी होऊन पडली आणि म्हणून साम्राज्य बुडालं, अशी एक गोष्ट रंगवून सांगतात. तिला पुरावा नाही. पण दुसरी एक बारीकशी गोष्ट खरी आहे. कोलँकूर नावाचा एक सरदार पूर्वी रशियात वकील म्हणून राहिला होता. त्यानं बादशहाच्या पागेतल्या घोड्यांना बर्फावर न घसरणारे, खिळ्यांचे नाल ठोकून घेतले होते. बाकी फौजेचे घोडे घसरून पडत होते तेव्हा हे घोडे चालत होते. सहा लाखांवर फौज, आणि हिवाळ्याचं सामान भरायची अक्कल एका माणसाला! जो तिथे राहून आला होता त्याला!

मला खरा रस वाटला तो क्रिमियाच्या लढाईत. कारण आमच्या बॅगेतली निम्मी यादी तिथे तयार झाली आहे.

१८५४ साली इंग्रज आणि फ्रेंच, तुर्कांच्या बाजूनं रशियाशी लढायला काळ्या समुद्रावर गेले. हिवाळ्याआत सेबास्तोपोल घेऊन परत यायचं असा बेत. बेत करणाऱ्यांचा हिवाळा लंडनला शेकोटीपाशी जाणार होता. मोहिमेचे सरसेनापती लॉर्ड रॅग्लन. वॉटर्लूच्या लढाईत यांचा उजवा हात गेला होता. गळ्यापासून एकसंध उतरणारी जी सैल बाही आपण 'रॅग्लन' म्हणून शिंप्याला सांगतो, ती त्यांच्या नावची. लाइट ब्रिगेड घेऊन २५ ऑक्टोबरला तोफांच्या तोंडी गेलेले ते लॉर्ड कार्डिगन. पुढून बटणं असलेला स्वेटर यांचा. आणि ही लढाई जिथे झाली ते बंदर बालाक्लाव्हा. डोकं, कान, हनुवटी झाकून फक्त चेहऱ्यापुरती खिडकी ठेवणारी जी विणलेली टोपी, तिला इंग्रज बालाक्लाव्हा म्हणतात. ते नाव बरंच नंतर पडलं, पण पडलं ते याच बंदरावरून. आणि हीच आपली माकडटोपी! महाबळेश्वरच्या पॉइंटवर पहाटे सूर्योदय पाहायला जमलेलं प्रत्येक मराठी कुटुंब डोक्यावर क्रिमियाचं युद्ध घालून उभं असतं, हे त्याच्या गावी नसतं.

एका लढाईनं कपड्यांना तीन नावं दिली, तर तिथल्या शिपायांना कपडे उत्तम मिळाले असतील असं वाटेल. झालं उलटंच. १४ नोव्हेंबरला बालाक्लाव्हाबाहेर भयंकर वादळ झालं आणि 'प्रिन्स' नावाचं जहाज खडकावर आपटून बुडालं. त्याच्यात फौजेचे हिवाळी कपडे होते. शिपाई उन्हाळ्यातल्या फाटक्या गणवेशात चिखलबर्फातल्या खंदकांत उभे राहिले. गोळीनं मेले त्याहून कितीतरी जास्त थंडी-उपासमारीनं आणि रोगानं मेले. इंग्लंडातल्या आया-बहिणींनी हातात सुया घेतल्या आणि टोप्या, मोजे, हातमोजे विणायला सुरुवात केली ती यातून. आणि ज्यांचं नाव स्वेटरला लागलं ते लॉर्ड कार्डिगन? ते रात्री झोपायला बंदरात उभ्या असलेल्या स्वतःच्या खासगी नौकेवर जात. नौकेवर फ्रेंच आचारी होता. ज्याला थंडी वाजली त्याचं नाव टोपीलासुद्धा लागलं नाही. ते गावाचं लागलं. मला हा इतिहास वाचल्यापासून कार्डिगनची बटणं लावताना किंचित राग येतो.

सरकार नावाची वस्तू यातून काही शिकते असं समजू नका. बरोबर साठ वर्षांनी, १९१४ च्या सप्टेंबर अखेरीपासून, लाहोर आणि मेरठ डिव्हिजनच्या हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरल्या, त्या सुती खाकी ड्रिलमध्ये. पंजाबातले, गढवालातले, नेपाळातले शिपाई. ऑक्टोबरात ते बेल्जियमच्या चिखलात पोहोचले. पुरेसे गरम कपडे त्यांच्या मागून, सावकाशीनं येत राहिले. आपल्याकडे लग्नात आहेर वऱ्हाड परतल्यावर पोहोचतो तसे.

मध्ये एक जर्मन प्राध्यापक भेटले, त्यांची ओळख करून दिल्याशिवाय राहवत नाही. डॉक्टर गुस्ताव येगर, गाव श्टुटगार्ट, विषय प्राणिशास्त्र. १८८० च्या आसपास त्यांनी सिद्धांत मांडला की माणूस हा प्राणी आहे, म्हणून त्यानं अंगावर प्राण्यापासून आलेलंच वस्त्र घालावं, म्हणजे लोकर. कापूस आणि ताग वर्ज्य! आतल्या बंडीपासून अंथरुणाच्या चादरीपर्यंत सगळं लोकरीचं. १८८४ साली लंडनला या मताचं दुकान निघालं आणि बर्नार्ड शॉसारखा माणूस अंगाला चिकटणारा विणलेला लोकरी सूट घालून रस्त्यात हिंडू लागला. लंडन हसलं. माझी आजी हसली नसती. ती म्हणाली असती, 'त्यात काय! सुती ओवळ्यात, धाबळी सोवळ्यात.' येगरसाहेबांना कोणीतरी नुसती पळी-पंचपात्री द्यायची बाकी होती. गंमत म्हणजे कापसाबद्दल ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते. घाम शोषून ओला झालेला सुती कपडा थंडीत अंगावर बर्फाच्या पट्टीसारखा बसतो. लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. मी ताबडतोब माझे सहा सुती गंजीफ्रॉक बॅगेतून काढले. हिनं ते न बोलता पुन्हा आत ठेवले. 'खारकांच्या डब्याभोवती गुंडाळायला लागतील.'

आता आपल्याकडचे लोक. यांत पहिली ट्रंक गांधीजींची, आणि ती दोनदा उघडावी लागते.

४ सप्टेंबर १८८८ ला मोहनदास गांधी, वय अठरा, मुंबईहून बोटीवर चढले. विलायती कपडे मित्रांच्या सल्ल्यानं शिवलेले. त्यांतला आखूड कोट त्यांना असभ्य वाटे. बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा एक सूट खास उतरायच्या दिवसासाठी राखून ठेवला. किनाऱ्यावर पाऊल ठेवताना पांढरं बरं दिसेल, असा हिशेब. आत्मकथेत त्यांनीच लिहिलंय की सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसांत साउदॅम्प्टनला उतरले तेव्हा पांढऱ्या कपड्यांतला माणूस तेवढा एकच होता. बरं, बदलावे तर बाकीचं सामान, किल्ल्यांसकट, इतरांचं पाहून एका एजंटाच्या हवाली केलेलं. वार शनिवार, दुसऱ्या दिवशी रविवारची सुट्टी. म्हणजे भर लंडनात आणखी एक दिवस पांढऱ्या फ्लॅनेलमध्ये! त्या दिवशी त्यांना जे वाजलं ती थंडी नव्हती. ती लाज होती. थंडीला निदान शेकोटी असते. लाजेला काय आहे? पुढे त्यांनी बाँड स्ट्रीटवर दहा पौंड मोडून संध्याकाळचा सूट शिवला, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, आणि रोज आरशासमोर टाय बांधण्यात वेळ घालवू लागले.

त्रेचाळीस वर्षांनी हाच माणूस गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' बोटीनं निघाला. बरोबर महादेवभाई, प्यारेलाल, मीराबेन, देवदास. या मंडळींनी घाईघाईत, मित्रांनी प्रेमानं दिलेलं बरंच सामान बरोबर घेतलं होतं. हिवाळा लंडनमध्ये काढायचा, लागेल म्हणून! बोट सुटल्यावर गांधीजींनी झडती घेतली. प्रत्येक पेटीचा हिशेब मागितला. अखेर एडन बंदरावरून पेट्या आणि ट्रंका परत मुंबईला रवाना झाल्या. परदेशी जाताना अर्ध्या वाटेवरून सामान परत पाठवणारा दुसरा प्रवासी माझ्या तरी वाचनात नाही. आमच्याकडे उलट असतं. विमानतळावर सोडायला आलेली मावशी शेवटच्या क्षणी चिवड्याची पिशवी हातात कोंबते.

मग ते १२ सप्टेंबर १९३१ ला लंडनला पोहोचले. डिसेंबरपर्यंत तिथे राहिले, पंचा, चपला आणि वर शाल एवढ्यावर. ५ नोव्हेंबरला बकिंगहॅम राजवाड्यात पाचव्या जॉर्जकडे चहाला गेले तेही तसेच. कपडे कमी नाही का वाटले, असं कोणी विचारल्यावर राजाच्या अंगावर आम्हां दोघांना पुरतील इतके होते, असं ते म्हणाल्याची गोष्ट सांगतात. डिसेंबरात स्वित्झर्लंडला रोमाँ रोलाँकडे पाच-सहा दिवस राहून, रोम पाहून ते परतले. वय बासष्ट. पहिल्या खेपेला ट्रंक लोकांच्या डोळ्यांसाठी भरली होती. दुसऱ्या खेपेला ती लोकांच्या डोळ्यांदेखत रिकामी केली.

हे सगळं मी हिला वाचून दाखवलं. ती शांतपणे अळिवाची पुडी तिसऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालत होती.

'तुमच्या इतिहासात,' ती म्हणाली, 'लुगडं नेसून कोणी गेलं होतं का?'

मी वाचायचा थांबलो. नेपोलियन, रॅग्लन, कार्डिगन, येगर, गांधी. सगळे विजारी नाहीतर पंचे. आणि हिचा प्रश्न गेले पंधरा दिवस तोच होता. तो कोणी विचारलाच नव्हता. मुलगी फोनवर म्हणाली होती, 'आई, सरळ पँट घाल.' वहिनी म्हणाल्या होत्या, पंजाबी ड्रेस शिवा. हिनं आयुष्यभर साडीखेरीज काही अंगाला लावलेलं नाही. सदुसष्टाव्या वर्षी, परक्या देशात, जावयाच्या घरात नवीन सोंग काढायची तिची तयारी नव्हती. आणि उणे पंधरात साडी म्हणजे काय, हे सांगायची सोय माझ्याकडे नव्हती.

गेलं होतं. आणि बाळंतपणाशीच संबंध होता.

२४ फेब्रुवारी १८८३ ला कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर कॉलेजात एक मराठी मुलगी भाषणाला उभी राहिली. आनंदीबाई जोशी. अठरावं पुरं व्हायला अजून महिना होता. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं होतं, आणि बाईला बाईकडून औषधपाणी मिळायला हवं हे तिच्या मनानं तिथे घेतलं होतं. अमेरिकेला जायचं कशाला, एकटी कशी जाणार, धर्म बुडणार नाही का, या लोकांच्या प्रश्नांना तिनं इंग्रजीत एकेक करून उत्तरं दिली. त्यांतलं एक आश्वासन असं, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन. खाणं, पोशाख, चालीरीती यांत बदल करणार नाही. ७ एप्रिलला ती कलकत्त्याहून बोटीत बसली, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. बाकीच्यांच्या ट्रंकेत कपडे होते. हिच्या ट्रंकेत वचन होतं.

वचन दिलं ते बंगालच्या फाल्गुनात. पाळायचं होतं फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात. नऊवारी लुगडं हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की कासोटा घातला की पोटऱ्या उघड्या राहतात. कोकणात पाण्याची घागर घेऊन चालायला, शेतात वाकायला त्याच्यासारखं वस्त्र नाही. पण बर्फात? आनंदीबाईंनी तिथे विचार करून गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. आत परकर, अंगात बाह्यांचं पोलकं, पाय घोट्यापर्यंत झाकलेले. आज आपल्याला यात काहीच वाटत नाही. निम्म्या महाराष्ट्रानं पुढे हेच केलं, आणि ते थंडी नसताना. त्या वेळी मात्र नेसण्यातला हातभर फरकसुद्धा हजारो मैलांवरच्या नवऱ्याला पत्रानं समजावून सांगायची बाब होती, आणि गोपाळरावांची पत्रं नेहमी मायेचीच असत असं नाही. लोक काय म्हणतील ते निराळंच. १८८५ च्या ऑक्टोबरात काढलेलं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. शेजारी जपानची केइ ओकामी, सीरियाची साबात इस्लांबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. आनंदीबाई साडीत. वचन मोडलेलं नाही आणि पाय झाकलेले आहेत. बाई विसाव्या वर्षी जे जमवते ते पार्लमेंटला क्रिमियात जमलं नव्हतं.

अशा तीन हिवाळ्यांत तिनं अभ्यास पुरा केला. प्रबंधाचा विषय, हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. ११ मार्च १८८६ ला ती एम.डी. झाली. पण खाण्याची आबाळ, प्रवास, थंडी आणि श्रम यांनी खंगलेल्या शरीरात क्षयानं घर केलं होतं. क्षय जंतूनं होतो, थंडीनं नाही, हे कॉखनं १८८२ सालीच दाखवलं होतं. औषध मात्र कोणाकडे नव्हतं. कोल्हापूरच्या इस्पितळातली स्त्री-विभागाची जागा तिची वाट पाहत राहिली. परत आल्यावर काही महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात गेली. बाविसावं वर्ष पुरं व्हायचं होतं. तिच्या अस्थी, जिनं तिला अमेरिकेत लेकीसारखी सांभाळली त्या कारपेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या, आणि पुकीप्सीच्या दफनभूमीत, त्यांच्या घरच्यांच्या जागेत ठेवल्या गेल्या. तिथे दर हिवाळ्यात बर्फ पडतं.

ही बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, कपाटातून दोन जाड खणाचे परकर आणि पाच साध्या, न चुरगळणाऱ्या साड्या काढल्या आणि मला म्हणाली, 'ते पायाला घट्ट बसतं ते लोकरीचं काय म्हणतात, त्याचे दोन जोड घ्या. माझ्या मापाचे.' प्रश्न मिटला होता. मेहुण्याचा ओव्हरकोट त्या रात्री परत गेला. एडनपर्यंतसुद्धा पोहोचला नाही.

ऑस्लोत उतरल्यावर जाकिटं मुलीनं तिथलीच आणून ठेवली होती. पिसांची, फुगीर, हातात घेतली तर मांजराच्या पिल्लाएवढी हलकी. 'आई, इथे म्हणतात, हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात,' जावयानं सांगितलं. ऊबदार खोलीत बसून काढलेली म्हण असणार. पण तिच्यामागचं शास्त्र पक्कं आहे, आणि ते शास्त्र या लोकांनीही कोणाकडून तरी शिकलेलं आहे. ते मला तिथल्या फ्राम संग्रहालयात भेटलं. 'फ्राम' आणि 'योआ', दोन्ही बोटी तिथे आख्ख्या ठेवल्या आहेत. 'योआ' घेऊन अमुंडसेन १९०३ ते १९०५ कॅनडाच्या उत्तर टोकाला दोन हिवाळे अडकून राहिला. शेजारी नेटसिलिक एस्किमोंची वस्ती. गोऱ्या दर्यावर्दींची रीत त्यांना रानटी म्हणून टाकायची. यानं त्यांच्याशी सुयांच्या बदल्यात कपडे घेतले आणि ते कसे घालायचे ते विचारलं. रेनडिअरच्या कातड्याचे दोन थर, आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर, आणि मुख्य म्हणजे सैल. आत हवा खेळली पाहिजे, म्हणजे घाम साचत नाही. घाम साचला की तो गोठतो. त्याचं मत असं झालं की घालायचे तर सगळे त्यांचे कपडे घाला, नाहीतर घालू नका. अर्धं त्यांचं अर्धं आपलं केलं की बिघडतं. १४ डिसेंबर १९११ ला तो दक्षिण ध्रुवावर पोहोचला. लोकर आणि वर वारा अडवणारं गॅबर्डीन घातलेला इंग्रज कॅप्टन स्कॉट, स्वतः घसरगाड्या ओढून घामाघूम होत, १७ जानेवारी १९१२ ला पोहोचला, आणि परतीच्या वाटेवर चौघा साथीदारांसह मेला. दोष सगळा कपड्यांचा नव्हता. पण घामाचा वाटा होता.

हवा कोंडून ऊब मिळते हे या देशानं इतकं मनावर घेतलं, की इथल्या हेन्रिक ब्रून नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १९३३ च्या सुमारास मासे धरायच्या जाळ्याची बंडी शिवली. भोकाभोकांत हवा, वरून शर्ट. १९५३ साली एव्हरेस्ट चढलेल्या तुकडीच्या अंगातही असल्याच जाळीच्या बंड्या होत्या. हे वाचलं आणि मला गिरगावातल्या चाळीचे कठडे आठवले. मे महिन्याच्या दुपारी जाळीचं बनियन घालून कठड्यावर रेललेली ती सगळी मंडळी एव्हरेस्टच्या पूर्ण तयारीत उभी होती! फक्त वरून शर्ट घालायचं राहिलं होतं.

अमुंडसेनचा सल्ला हिनं मानला नाही. अर्धं त्यांचं, अर्धं आपलं. आत लोकरी पायमोजाचा तो घट्ट प्रकार, वर खणाचा परकर, त्यावर साडी चार बोटं वर नेसलेली, म्हणजे काठ बर्फात भिजत नाही. पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, अंगात फुगीर जाकीट, डोक्याला माकडटोपी आणि टोपीच्या खिडकीत कुंकू. ट्रामच्या थांब्यावर अशी उभी राहिली की नॉर्वेतली पोरं घसरगाडी थांबवून बघत. हिला त्याचं काही नव्हतं. एकदा एका म्हातारीनं जवळ येऊन काठाला हात लावला आणि नॉर्वेजियनमध्ये बरंच काही बोलली. हिनं मराठीत, 'इरकल,' असं उत्तर दिलं. दोघींचंही समाधान झालेलं दिसलं.

नात झाली. वजन साडेतीन किलो. मेहुण्याच्या ओव्हरकोटापेक्षा एक किलो कमी. आणि मग त्या देशाशी आमचा खरा सामना झाला. तिथे तान्ह्या मुलांना दुपारी बाबागाडीत घालून बाहेर झोपवतात. बाहेर म्हणजे घराबाहेर, हिवाळ्यात! पोरं छान झोपतात म्हणे. हिनं हे ऐकलं आणि तीन दिवस दाराशी बसून राहिली, पहाऱ्याला. चौथ्या दिवशी बॅगेच्या तळातून गोधडी काढली. ती हिनं पुण्यात दिवाळीनंतर शिवली होती. मला वाटलं होतं, भाजणीच्या डब्याखाली काहीतरी टेकू दिलाय. आईचं एक जुनेर, हिच्या दोन मऊ झालेल्या साड्या, मुलीच्या लहानपणचा एक फ्रॉक, वर पुन्हा साडी. बारीक धावदोरा.

दीड महिन्यानं आरोग्य केंद्रात तपासणीला गेलो तेव्हा नात त्यात गुंडाळलेली होती, आत लोकरीचे कपडे, बाहेर गोधडी. तिथल्या नर्सबाईंनी पोरीला वजनकाट्यावर ठेवलं, आकडा लिहून घेतला, आणि मग गोधडी उचलून कोपरा चिमटीत धरला. उलटीसुलटी केली. बोटांनी थर चाचपून मोजू लागल्या. चारपर्यंत आल्या आणि थांबल्या. हिनं हाताची पाच बोटं दाखवली. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं, आणि तोपर्यंत नातीनं वजनकाटा भिजवला.